डोक्याला लागलेला मार आणि कोठडीची वाट

झाडावरून पडला, सायकलवरून घसरला, मारामारीत डोके आपटले. क्षणभर शुद्ध गेली, मग पोरगा उठून बसला. टाके पडले आणि घरच्यांसाठी विषय संपला. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ह्यू विल्यम्स यांना मात्र हाच विषय बालगुन्हेगारांमध्ये पुन्हा भेटला. ११ ते १९ वयोगटातील १८६ मुलांकडे त्यांच्या गटाने चौकशी केली. त्यातील ४६ टक्के मुलांनी डोक्याला मार लागून शुद्ध हरपल्याचे सांगितले. तीन किंवा अधिक वेळा मार बसलेल्यांच्या गुन्ह्यांत हिंसाही जास्त होती. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

कपाळामागचा मेंदू म्हणजे आपला लगाम. राग आला तरी हात न उगारणे, परिणामांचा विचार करणे हे त्याचे काम. त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालते. तो डोळ्यांच्या खोबणीवरच्या खडबडीत हाडावर टेकलेला असल्याने डोके आदळले की तिथेच घासला जातो. एवढे होऊनही मुलगा नीट चालतो, बोलतो. स्कॅनमध्येही अनेकदा काही दिसत नाही. त्यामुळे शाळेत तो ‘उद्धट’ ठरतो. कोठडीत चार सूचनांपैकी दोन विसरला, की शिक्षा!

पण मार लागला म्हणून गुन्हेगार झाला, असे म्हणणे घाईचे ठरेल. मुळातच उतावळी मुले जास्त पडतात, आणि मारहाणीच्या घरात डोक्यालाही मार बसतो. स्वीडनमध्ये मेंदूला इजा झालेल्या सुमारे २२,९०० जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यापैकी ८.८ टक्के लोकांनी पुढे हिंसक गुन्हा केला. इतरांमध्ये हे प्रमाण ३ टक्के होते. सख्ख्या भावंडांशी तुलना केल्यावर हा फरक कमी झाला, तरी धोका दुपटीच्या आसपास राहिलाच. अर्थात, इजा झालेल्या दर दहापैकी नऊ जणांनी असे काही केले नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक तपासणी करते. ‘डोक्याला मार लागून कधी बेशुद्ध पडला होतास का?’ हा प्रश्न तिथे विचारायला पैसे लागत नाहीत. मुलाला आठवत नसेल, तर आईला विचारावे.