विजेच्या गाडीची पागा

पुण्यात टांग्यांची चलती होती त्या काळी टांगा घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाला घोड्याची जात, चाल आणि दात पाहण्याच्या आधी एक विचार करावा लागे, तो म्हणजे हे जनावर रात्री उभे कोठे राहणार. चंदी-वैरणीची तजवीज, पाण्याची कुंडी आणि वाड्याच्या चौकात खुंट ठोकण्यास मालकाची संमती एवढे जुळले म्हणजे मगच बाजाराची वाट धरायची. पेट्रोलच्या मोटारीने या विवंचनेतून माणसाला इतके मोकळे केले की ती कधी होती याचेच विस्मरण झाले. पेट्रोल परमुलखात, अनोळखी माणसाकडून, नावगाव न सांगता पाच मिनिटांत विकत मिळते, आणि गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला टाकून दिली तरी तिची उपासमार होत नाही. दोन वर्षांपूर्वी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, मी विजेवर चालणारी मोटार घेतली आणि मिटलेला तो पागेचा प्रश्न पुन्हा माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. या गाड्यांविषयी जी चर्चा कानी पडते ती बहुतांशी एका भरण्यात त्या किती किलोमीटर जातात याभोवती फिरते. माझा अनुभव मात्र असा की, गाडी जाते किती यापेक्षा ती परत येऊन कोठे उभी राहते यावरच तिच्या मालकाचे सुखदुःख अवलंबून असते.

हा प्रश्न या वाहनाच्या बालपणापासूनचा आहे. १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये विजेच्या भाडोत्री बग्ग्या सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या मालकांनी एक मध्यवर्ती ठाणेच उभारले, आणि दमलेली अवजड बॅटरी यंत्राने काढून तिच्या जागी ताजी बसवण्याची व्यवस्था केली. डाकेच्या रस्त्यावर टप्प्याटप्प्याला घोडे बदलत, तोच हा प्रकार. दोन वर्षांनी कामी जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने तोफगोळ्याच्या घाटाच्या विजेच्या गाडीतून ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली, आणि हा पराक्रम करणारी पहिली मोटार पेट्रोलची नव्हती, ही गोष्ट आज सांगितली तर ऐकणारा थट्टा समजतो. पुढे १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगच्या विद्युत स्टार्टरमुळे पेट्रोलच्या कॅडिलॅकच्या मालकाची हँडल मारण्याच्या कष्टातून सुटका झाली. म्हणजे विजेच्या गाडीचा घात करण्यास विजेचीच एक चिमुकली मोटार कारणीभूत झाली. आपल्याकडे २००१ साली बंगळूरची रेवा आली, पण तिच्याकडे लोकांनी खेळण्यातली गाडी म्हणूनच पाहिले.

त्या गाड्यांत आणि आजच्या गाडीत अंतर पडले ते बॅटरीमुळे. आपल्या बाजारातील पुष्कळ गाड्यांत लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी असते. या रसायनाचा गुण १९९७ साली टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून जगापुढे आला, आणि त्या निबंधावर पहिले नाव आहे ए. के. पाढी या भारतीय संशोधकाचे. ही बॅटरी सोशिक आहे, उष्म्याने सहसा बिथरत नाही आणि भरण्या-रिकामी होण्याची हजारो आवर्तने सोसते. तिची एक खोड मात्र मालकाने ओळखून असावी. भरलेली असो वा अर्धी, तिचा विद्युतदाब जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे कणगीला खुणा नसल्या म्हणजे आत धान्य किती उरले हे जसे बाहेरून कळत नाही, तसा गाडीतील संगणकाचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. म्हणून ही बॅटरी अधूनमधून काठोकाठ, शंभर टक्के भरावी, असे तिचे कर्ते सांगतात. उलट निकेलच्या जातीची बॅटरी नित्याच्या वापरात ऐंशी टक्क्यांवर थांबवलेली बरी. आपल्या गाडीत कोणती जात आहे हे विकत घेतानाच विचारून घ्यावे. माझ्या विक्रेत्याला ते ठाऊक नव्हते, पण गाडीत रंगीत दिवे किती छटांचे आहेत हे त्याला तोंडपाठ होते.

आता चंदीचा हिशेब. माझ्या गाडीची बॅटरी चाळीस युनिटांची आहे आणि शहरात ती एका युनिटात सहा ते सात किलोमीटर चालते. घरातील गिझरला असतो तशा पंधरा अँपियरच्या प्लगवर ताशी ३.३ युनिटे जातात, म्हणजे रिकामी बॅटरी भरण्यास बारा-तेरा तास, भिंतीवरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर सहा तास. आणि हमरस्त्यावरील पन्नास-साठ किलोवॅटच्या जलद चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंत तासभर. त्यापुढे मात्र वेग असा मंदावतो की रांगेत मागे कोणी उभे असता शेवटचे वीस टक्के भरत बसणे हा निव्वळ असभ्यपणा होय. हे आकडे प्रथम वाचणारा मनुष्य तेरा तासांचा आकडा पाहून घाबरतो आणि मोठा चार्जर बसवण्याच्या खटपटीला लागतो. मीही लागलो होतो. पुढे ध्यानात आले की माझी रोजची फेरी तीस किलोमीटरच्या वर जात नाही. तेवढ्यास पाच युनिटे पुरतात, आणि ती त्या साध्या प्लगवर दीड तासात भरून निघतात. घोडा रात्रभर ठाणावर असताना त्याने चंदी पाच मिनिटांत संपवावी असा आग्रह कोण धरतो?

तो साधा प्लग मिळवण्यास मात्र मला साडेचार महिने लागले. आमच्या इमारतीत बत्तीस बिऱ्हाडे आहेत आणि माझी गाडी उभी राहते ती जागा मीटरच्या खोलीपासून चाळीस मीटरांवर आहे. कायद्याने मालकाला आडकाठी नाही: गाडीला वीज भरून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला, घरच्या वा कचेरीच्या असलेल्या जोडणीवरून गाडी भरण्याची मुभा जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट शब्दांत दिली, आणि नव्या इमारतींत वाहनतळाच्या वीस टक्के जागी ही सोय असावी, अशी दुरुस्ती आदर्श इमारत उपविधींत २०१९ सालीच सुचवली गेली. परंतु जुन्या सोसायटीत कायदा पायऱ्यांशी चपला काढून आत येतो. मी अर्ज दिला, नकाशा जोडला, वायरमनचा दाखला जोडला. कमिटीच्या सभेत तो तीनदा 'पुढील बैठकीत विचार' या शेऱ्यानिशी दप्तरी दाखल झाला. हरकती नाना प्रकारच्या होत्या. केबल सामाईक भिंतीवरून जाणार. आग लागली तर जबाबदार कोण. एका सभासदाला तर अशी शंका होती की गाडी पार्किंगमधील दिव्याची वीज आपोआप ओढून घेईल. आमच्या सेक्रेटरीबाईंनी, ज्या शाळेत गणित शिकवीत, एकच प्रश्न विचारला: "काका, तुम्हाला दिला आणि उद्या सगळ्यांनीच मागितला, तर?"

हरकतींच्या त्या गर्दीत खरी हरकत ही एकटीच होती, आणि तिचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. बत्तीस गाड्या रात्री दहा वाजता एकदम ३.३ किलोवॅटने लागल्या तर शंभरावर किलोवॅटचा भार होतो. त्यात बत्तीस घरांचे पंखे, फ्रीज आणि वातानुकूलन मिळवले म्हणजे कोपऱ्यावरची डीपी मान टाकील हे सांगण्यास ज्योतिषी नको. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजूही बाईंनीच फळ्यावर मांडून दाखवली, की प्रत्येकाला दीडच तास हवा असेल तर रात्रीचे नऊ तास सहा पाळ्यांत वाटता येतात, आणि मग एका वेळी पाच-सहा गाड्यांहून अधिक भार पडत नाही. अखेर ठराव झाला तो असा: ज्याने त्याने स्वखर्चाने आपल्या मीटरवरून केबल आणावी, भिंतीवरच्या मोठ्या चार्जरला तूर्त मंजुरी नाही, आणि गाड्या पाचाच्या वर गेल्यावर पाळ्या लावाव्यात. शासनाच्या जाडजूड धोरणपत्रिकांपेक्षा हा सहा ओळींचा ठराव मला अधिक विचारपूर्वक केलेला वाटतो.

मीटर आपलाच वापरावा की गाडीसाठी वेगळा घ्यावा, हा निर्णयही डोळसपणे करावा. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो. ज्याचे घर महिना १८० युनिटांत भागते त्याने हजार किलोमीटर गाडी चालवली की दीडशे युनिटे वाढून तो ३०० ची पायरी ओलांडतो, आणि वरच्या पायरीवरचे प्रत्येक युनिट महाग पडते. वाहनांसाठी स्वतंत्र दराची जोडणी मिळते, पण तिला स्वतंत्र स्थिर आकार असतो. फिरणे थोडे असेल तर तो फायदा खाऊन टाकतो. कसेही केले तरी घरची वीज किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास पडते, रस्त्यावरची जलद वीज त्याच्या दीडपट-दुप्पट, आणि पेट्रोल त्याहूनही पुष्कळ वर. ज्याला घरी प्लग नाही आणि जो सर्वस्वी बाहेरच्या चार्जरवर विसंबणार आहे, त्याने ही गाडी घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या गाडीचे मला जे निखळ कौतुक वाटले ते बोरघाटात. खोपोलीहून खंडाळ्यास चढताना गाडी सुमारे पाचशे मीटर उंच जाते, आणि माणसे-सामान धरून सतराशे किलोंचे वजन तेवढे उचलण्यास, शाळेतले पदार्थविज्ञान सांगते त्याप्रमाणे, सव्वादोन युनिटे अधिक लागतात. चढताना टक्के भराभर उतरतात आणि नवखा चालक धास्तावतो. परंतु परतीच्या वाटेवर पाय उचलला की मोटर उलट जनित्राचे काम करू लागते आणि खर्च झाल्यापैकी बराच भाग बॅटरीत परत जमा होतो. ब्रेक तापत नाहीत, झिजत नाहीत. याच कड्यावरून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. १९३० पासून दख्खनची राणी याच घाटातून विजेवर धावते. पाणी उतरते तेव्हा वीज होते, आणि गाडी उतरते तेव्हाही तीच. एवढे मात्र ध्यानात असावे की लोणावळ्यास मुक्काम करून शंभर टक्के भरलेल्या गाडीने घाट उतरू नये. भरल्या रांजणात आणखी पाणी मावत नाही, आणि मग सारा भार साध्या ब्रेकवर येतो.

राज्याच्या २०२५ च्या धोरणाने द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याचे ठरवले. हमरस्त्यावर दर पंचवीस किलोमीटरांवर चार्जर असावा, हा संकल्प तर केंद्राने २०१८ सालीच केला होता. पण संकल्प आणि चालू स्थितीतला चार्जर या दोन भिन्न वस्तू आहेत. गेल्या मे महिन्यात आंबा घाट उतरून मी देवरुखच्या बाजूला आतेबहिणीकडे निघालो. वाटेतील उपाहारगृहापाशी जो चार्जर नकाशात हिरवा दिसत होता तो प्रत्यक्षात काळाठिक्कर बंद होता, आणि त्याच्या पुढ्यात एक पेट्रोलची गाडी सावलीसाठी लावलेली होती. अकरा टक्क्यांवर बहिणीच्या अंगणात पोचलो. विहिरीच्या पंपाचा पंधरा अँपियरचा प्लग होता, तो लावला, तर चार्जरवर तांबडा दिवा. दाब ठीक, वायर ठीक, पण अर्थिंग नाही. भावजी म्हणाले, "अहो, पंप तर वीस वर्षं चालतोय की!" पंप चालतो, कारण त्याला अर्थिंगची पर्वा नसते, गाडीचा चार्जर ते तपासल्यावाचून वीज घेतच नाही, आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या लोखंडी गाडीला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो हट्ट योग्यच आहे. न्यूट्रलची तार अर्थच्या खाचेत जोडून चार्जरला फसवण्याची युक्ती काही वायरमन सुचवतात. ती मुळीच करू देऊ नये. गावच्या वायरमनने दुसऱ्या सकाळी माडाच्या बुंध्याजवळ खड्डा खणला, तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा थरांनी घातला, वर चार घागरी पाणी ओतले, आणि दिवा हिरवा झाला. सामान आणि मजुरी मिळून झालेला खर्च मी दिला. बहिणीच्या घरातील गिझरचा झिणझिण्या आणणारा नळ त्याच दिवशी बरा झाला.

किरकोळ गोष्टी चार शब्दांत. हिरवी पाटी, विम्याच्या तृतीयपक्ष हप्त्यात पंधरा टक्के सूट, तेल बदलणे नाही. बॅटरीची हमी सामान्यतः आठ वर्षे अथवा एक लाख साठ हजार किलोमीटर. बंद पडली तर दोरीने ओढू नये, सपाट पाठीच्या ट्रकवर घालून न्यावी. आणि चाळीस युनिटांची ती थोरली बॅटरी भरलेली असताना बारा व्होल्टची धाकटी बॅटरी मेली तर दार उघडण्याचीही पंचाईत होते. माझी मेली, भर पावसात.

ही गाडी निर्मळ आहे काय, असे नातू विचारतो. आपली वीज पुष्कळशी चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या कोळशाची. देशात एका युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन वायू सुटतो, आणि भरतानाची गळती धरता एका युनिटात सहा किलोमीटर म्हणजे किलोमीटरला एकशेवीस ग्रॅमांच्या आत-बाहेर. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीचे नळकांडे दीडशे सोडते. फरक आहे, मिरवण्याजोगा नाही. गच्चीवर सौर पट्ट्या बसवण्याचा अर्ज सध्या कमिटीपुढे आहे, शेरा नेहमीचाच.

आमच्या इमारतीत आता चार गाड्या झाल्या. एप्रिलच्या उन्हात जमीन सुकली की माझ्या चार्जरचा दिवा तांबडा होऊ लागतो, तेव्हा वॉचमनला सांगून ठेवले आहे. तो रविवारी सकाळी मीटरच्या खोलीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्याचे झाकण काढतो, दोन बादल्या पाणी ओततो, आणि पाणी पुरते मुरेपर्यंत तेथेच बसून विडी ओढतो.