पुतळ्यांच्या गावात न दिसलेली माणसे

कोकणातून अथवा गोव्यातून अंबाबाईच्या दर्शनास निघालेली मंडळी आंबोलीचा घाट चढून, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत महामार्गास लागतात. निपाणी मागे पडते, मग कागल येते, आणि पुढे थोड्याच अंतरावर कणेरी मठाची वाट फुटते. एके काळी या वाटेने केवळ काडसिद्धेश्वरांचे भक्त जात. आज तेथे शाळांच्या सहली येतात, बेळगाव-निपाणीकडील कुटुंबे सुटीच्या दिवशी जेवणाचे डबे घेऊन येतात आणि आमच्या किनारपट्टीचे यात्रेकरूही देवदर्शनाच्या जोडीला हे ‘गाव’ पाहून घेतात.

हे गाव म्हणजे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. काडसिद्धेश्वर स्वामींच्या कल्पनेतून साकारलेल्या या संग्रहालयात सुमारे सात एकरांत ऐंशीच्या आसपास प्रसंग आणि तीनशेच्या घरात पुतळे आहेत. मोटेवरचा शेतकरी, भात्यापाशी बसलेला लोहार, चाकावरचा कुंभार, जात्यावर दळणारी सासुरवाशीण, असे बारा बलुतेदार व अठरा अलुतेदार आपापल्या कामात गढलेले दिसतात. गांधीजींच्या मनातील स्वयंपूर्ण खेडे डोळ्यांनी पाहता यावे, हा यामागील हेतू. पुढील काळात मूळ गावाला नवी दालने जोडली गेली, मुलांच्या करमणुकीची साधने आली, आणि पाहण्याचा परिसर वाढत गेला. या वाढलेल्या परिसराविषयी पाहुण्यांचे मत काय, हे जाणून घ्यावे असे मनात आल्याने आम्ही मागे एका रविवारी बाहेर पडण्याच्या वाटेवर बराच वेळ थांबलो. अभिप्रायाच्या वहीत माणूस ‘फार छान’ लिहून मोकळा होतो. खरा अभिप्राय तो चपला घालताना देतो, असा आमचा अनुभव आहे.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की वय पाहून अभिप्राय ओळखावा! म्हाताऱ्या माणसांचे पाय मोटेपाशी आणि जात्यापाशी खिळलेले. ‘आमच्या आज्ज्याच्या मळ्यात अशीच मोट व्हती बगा,’ असे निपाणीकडचे एक गृहस्थ नातवाला सांगत होते. नातवाचे लक्ष पुढच्या खेळण्यांकडे. मोट म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते आणि ते समजून घेण्याची त्याला निकडही नव्हती. यात त्या मुलाचा दोष नाही. ज्याने मोटेचे पाणी प्यायले नाही, त्याला मोटेची ओढ कोठून असणार? आजोबांना जुने गाव अधिक हवे आणि मुलांना नवी करमणूक अधिक हवी. विस्ताराचा कोणताही विचार या दोन मागण्यांच्या ओढाताणीतच सापडतो. मात्र एक पाहिले. जेथे आजोबा थांबून सांगत होते, तेथे मूल थोडा वेळ तरी थांबत होते. आजोबांचे बोट हेच त्या संग्रहालयाचे सर्वांत चांगले यंत्र होय.

दुसरी गोष्ट अधिक सुखावणारी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून हा सीमाभाग धुमसतो आहे. १९६७ चा महाजन अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ साली हे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि पाट्यांच्या भाषेवरून बेळगावात काय काय घडले हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पण त्या कुंभाराच्या चाकापाशी कानडी बोलणारे कुटुंब आणि मराठी बोलणारे कुटुंब एकच गोष्ट आपापल्या मुलांना सांगत होते. एकीकडे ‘अक्का’, दुसरीकडेही ‘अक्का’. एकीकडे ‘अण्णा’, दुसरीकडेही ‘अण्णा’. हे शब्द मराठीने कानडीच्या घरून आणले आणि परत करण्याचे नाव काढले नाही. सीमेची रेषा नकाशावर जितकी ठळक दिसते, तितकी ती जात्याच्या पाळूवर दिसत नाही. मराठीच्या न्याय्य मागणीविषयी आमचे मत पूर्वीचेच आहे. परंतु ज्या लोकजीवनासाठी आपण भांडतो ते दोन्ही भाषांनी मिळून घडविलेले आहे, याचा विसर पडू नये.

तिसरा अभिप्राय मात्र आम्हांस अस्वस्थ करून गेला, आणि हे लिहिण्याचे खरे कारणही तोच. बेळगावकडून आलेला एक तरुण शिक्षक आपल्या वडिलांना घेऊन बाहेर पडला. कसे वाटले, असे आम्ही सहज विचारले. शिक्षक म्हणाला, ‘पुतळे हुबेहूब आहेत. पण बाबा फार वेळ आत थांबले नाहीत.’ वडील शांतपणे म्हणाले, ‘गाव झकास आहे. मला फक्त त्यात आमचं घर कुठं ते सापडेना.’

एवढेच बोलून ते निघून गेले. त्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते शब्द मनातून जात नाहीत. पुतळा काम दाखवू शकतो. कामाचा मोबदला दाखवू शकत नाही. खळ्यावर बलुते वाढताना कोणाच्या पदरात सुपाने पडे आणि कोणाच्या पदरात मुठीने, कोणी ते हातात घेई आणि कोणाला ते दुरून टाकले जाई, हे सिमेंटला कसे सांगता यावे? दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले, तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला त्या शब्दाची दुसरी बाजू प्रथमच दिसली. आणि हा परिसर तर त्या दुसऱ्या बाजूच्या इतिहासाने भरलेला आहे. ज्या कागलवरून आपली गाडी जाते, तेथील घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनाची पद्धत बंद केली. जवळच्या माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेबांनी निपाणीत बहिष्कृतांची परिषद भरविली. स्वयंपूर्ण खेड्याचे चित्र जितके खरे, तितकाच त्या खेड्यातून बाहेर पडण्याचा हा ध्यासही खरा.

त्याच निपाणीची आणखी एक गोष्ट. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले होते. शरद जोशी त्यांचे नेते. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि बारा शेतकऱ्यांचे प्राण गेले. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या आणि घरी हजारावर मजुरी घेऊन विड्या वळणाऱ्या बायका याही याच मातीतल्या. गाव जेथे बाजाराला जोडले गेले आणि त्याची स्वयंपूर्णता संपली, तेथून पुढची ही कथा आहे. जुने गाव पाहून ‘ते दिवस गेले’ असा उसासा सोडणाऱ्याला ते कसे गेले, हेही कळले पाहिजे.

किनारपट्टीच्या आमच्या वाचकांनी हे परक्याचे दुखणे समजू नये. आपल्याकडेही जुने कोकण उभे करण्याची हौस वाढत आहे. कौलारू घर, शेणाने सारवलेले खळे, तुळशीवृंदावन, माजघरातला झोपाळा, सारे काही मांडता येते. पण त्या झोपाळ्यावर खोत बसे आणि खळ्याच्या कडेला कूळ उभे राही, हेही कोकणच होते. ती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांना १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडावे लागले, ते उगाच नव्हे.

कणेरीच्या उपक्रमाचे मोल यामुळे कणभरही उणे होत नाही. हस्तकौशल्याची इतकी सविस्तर नोंद एका ठिकाणी क्वचितच सापडते, आणि ज्यांनी ती घडविली त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. आमचे म्हणणे एवढेच, की अशी स्थळे जेथे जेथे वाढतात, तेथे वाढीचा पुढला टप्पा ठरविताना खेळण्यांबरोबर माणसांचाही विचार व्हावा. गावकुसाबाहेरचे एक घर असावे. वखारीतली एक बाई असावी. प्रत्येक प्रसंगापाशी मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत चार ओळी असाव्यात. आणि ज्यांच्या घरी ही कामे पिढ्यान्‌पिढ्या झाली, त्यांना बोलावून त्यांच्याच तोंडून त्या कामाची हकीकत मुलांना ऐकवावी. यास मोठा खर्च नको. मन मोठे लागते.

भूतकाळाविषयी प्रेम असणे चांगलेच. पण पाहुण्यांपैकी एकाला आपले घर तेथे सापडले नाही, तर ते गाव अजून पुरे झालेले नाही असेच समजले पाहिजे. तो वृद्ध गृहस्थ पुन्हा कधी आला, तर त्याला परत जाण्याची घाई होऊ नये, एवढी आमची इच्छा आहे.