उद्यमनगरात दुरुस्त झालेला दोष कंपनीला कसा कळणार?

ट्रक बिघडला की कोल्हापूरचा मालक तो उद्यमनगरात लावतो. मिस्त्री दोष ओळखतो, लेथवर बुश उतरवून घेतो आणि गाडी पुढच्या खेपेला निघते. या हुन्नराचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण दोष मुळात कारखान्यातूनच आलेला असेल, तर तो आपल्या गाडीपुरता मिटतो. त्याच बनावटीच्या बाकीच्या गाड्या तो घेऊन घाट उतरत राहतात. अशा सगळ्या गाड्या परत बोलावून कंपनीने स्वखर्चाने दोष काढायचा, याला ‘रिकॉल’ म्हणतात.

आपल्याकडे वाहन कंपन्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने रिकॉलची पद्धत सुरू केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका पोहोचवणारा दोष असेल, तर केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांना लागू आहेत.

सरकारला दोष कळतो तो मालकांच्या तक्रारींतून, पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांकडून किंवा अन्य मार्गाने. मालकांच्या तक्रारींसाठी संख्येची अट आहे. जड मालवाहू वाहनांसाठी ती त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीच्या ३ टक्के आहे. म्हणजे वर्षाला २,००० ट्रक विकले जात असतील, तर ६० तक्रारी लागतात. साठ मालकांनी गॅरेजमध्ये पैसे भरून विषय संपवला, तर सरकारदरबारी आकडा शून्यच राहतो.

रिकॉल झाल्यावर कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची किंवा पूर्ण किंमत परत करायची, असे कायदा सांगतो. सक्तीच्या रिकॉलमध्ये गाडीचा प्रकार आणि संख्येनुसार १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कंपनीने स्वतः दोष कळवून रिकॉल सुरू केला, तर हा दंड माफ होतो. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ दरम्यान बनलेल्या २९,८७८ पिकअप गाड्या स्वतःहून तपासणीसाठी बोलावल्या. फ्लुइड पाइपची जोडणी नीट झाली नसल्याची शंका होती. तपासणी आणि बदल दोन्ही मोफत होते.

नेमक्या एवढ्याच गाड्या कशा सापडतात, हे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना वेगळे सांगायला नको. ओतलेल्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. त्यावरून कोणत्या दिवशी, कोणत्या धातूचा रस ओतला ते कळते. कास्टिंगची बॅच कोणत्या गाड्यांत बसली, याची नोंद कंपनीकडे चासी नंबरनुसार असते. म्हणून सतरा अक्षरी चासी नंबर हा तक्रारीचा कणा. तो आरसीवर असतो आणि चासीवरही ठोकलेला असतो.

प्रत्येक बिघाड मात्र रिकॉलचा नसतो. ब्रेक लायनर झिजणे ही नेहमीची झीज. क्षमतेपेक्षा जास्त ऊस किंवा बॉक्साइट भरून पाटा तुटला, तर तो कंपनीचा दोष नव्हे. बीएस-६ गाडीत युरिया संपल्यावर इंजिनाची ताकद कमी होते, ती मुद्दाम तशी केलेली रचना आहे. पण टाकी भरलेली असताना सेन्सरच्या चुकीने ऐन चढावर गाडी पुलिंग सोडत असेल, आणि तेच इतर मालकही सांगत असतील, तर नोंद झालीच पाहिजे.

नोंद नेमकी हवी. ‘ब्रेक बरोबर नाही’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ‘आंबा घाट उतरताना, आरसीवरच्या वजनाइतका माल, तिसरा गिअर, हवेचा काटा ८ वरून ५ वर आला’ असे लिहिले की इंजिनिअरला धागा मिळतो. ड्रायव्हरचे म्हणणे त्याच्याच शब्दांत जॉब कार्डावर लिहून घ्या आणि प्रत मागा. काढलेला पार्ट भंगारात टाकू नका. कंपनीने ठेवून घेतला तर त्याचे आणि त्यावरच्या नंबराचे फोटो काढा. मग परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलची तक्रार भरा. आपली गाडी एखाद्या जाहीर रिकॉलमध्ये आहे का, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी नंबर देऊन विचारता येते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने तर हे विचारावेच, कारण कंपनीचे पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असू शकते.

स्वतःच्या नुकसानीची भरपाई हा वेगळा रस्ता. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून ट्रक चालवणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहक मानतो. तो दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. नुसत्या नफ्यासाठी गाड्यांचा ताफा चालवणाऱ्याला ही वाट सहसा मिळत नाही.

लॉरीवाल्यांच्या संघटनांनी हंगामाआधी एक वही उघडावी: मॉडेल, चासी नंबर, दोष, तारीख. एकच दोष पाच-सहा गाड्यांत दिसला की सगळ्यांनी मिळून पोर्टलवर तक्रारी भराव्यात. गाडी उद्यमनगरात जरूर दुरुस्त करा, पण दोषाची नोंद केल्याशिवाय तिथून हलू नका.