लोणारच्या गाळातलं लोह

संपादकांना लोणारच्या गुलाबी पाण्यावर लेख हवा होता. जून 2020 मध्ये पाण्याने रंग बदलला आणि तेव्हापासून लोकांना सरोवर म्हटलं की तेवढंच आठवतं. छत्रपती संभाजीनगरहून जालन्यामार्गे तिथे पोचलो आणि काठच्या काळ्या वाळूतच अडकलो. कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवलं की बारीक कण केसांसारखे उभे राहतात.

हे टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या पाषाणातून झिजून सुटलेलं. पावसाचं पाणी ते लोणारच्या विवरात आणतं आणि सरोवराला बाहेर वाट नसल्याने ते तळाशीच बसतं. सुषमा प्रसाद यांच्या गटाने या तळाच्या 10 मीटर गाळात 11,000 वर्षांचा पाऊस वाचला. गटात पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे नथानी बसवय्याही होते.

मला भुरळ घातली ती गाळाच्या चुंबकीपणाच्या मोजणीने. गाळाची 10 घनसेंटिमीटरची डबी संवेदकात ठेवायची. पण आधी रिकाम्या हवेचं वाचन, मग डबीचं, मग पुन्हा हवेचं. खोलीच्या तापमानाने आकडा सरकतो, म्हणून ही चिकाटी. नंतर तीच डबी दहापट फ्रिक्वेन्सीच्या चुंबकी क्षेत्रात. आकडा घटला, तर गाळात मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढे कण आहेत. ते ओल आणि उन्हाच्या आलटापालटीत मातीतच तयार होतात. चीनच्या लोएस (वाऱ्याने आणलेल्या मातीच्या) पठारावर याच युक्तीने जुना मान्सून वाचला गेला.

दख्खनमध्ये गोष्ट इतकी सरळ नाही. मूळ खडकातच लोह इतकं, की मातीत घडलेल्या कणांचा आवाज त्यात बुडतो. त्यात लोणारच्या तळाशी प्राणवायू नाही. जिवाणूंनी बनवलेलं सल्फाइड मॅग्नेटाइट विरघळवतं, आणि कधी ग्रेगाइट हे नवंच चुंबकी खनिज घडतं. म्हणजे आकडा कमी आला, तर पाऊस कमी होता की कण विरघळले? वाढला, तर माती जास्त वाहून आली की ग्रेगाइट जमलं? नमुना तापवून पाहावा लागतो आणि वेगळे साक्षीदार शोधावे लागतात. 4,600 ते 3,900 आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचे दोन दीर्घ कोरडे काळ प्रसाद यांच्या गटाने 2014 मध्ये मांडले, त्यात सरोवर आटताना जमणाऱ्या गेलुसाइटच्या स्फटिकांची साक्ष मोलाची ठरली. एकट्या चुंबकावर विसंबणं इथे धोक्याचंच.

लोणारला 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. संवर्धनाचे आराखडे करणाऱ्यांना एकच विनंती: पाणी, पक्षी आणि मंदिरांबरोबर तळाचा गाळही जतनाच्या यादीत लिहा, आणि तिथे यंत्र उतरवण्याआधी भूशास्त्रज्ञांना विचारा.