उद्योग नोंदणीचा पत्ता बदलला. जुना दाखला चालत नाही

सरकारी खात्याने संकेतस्थळ बदलले की कार्यालयातील मंडळींना ते परिपत्रकाने कळते. बशीरगंजातील वेल्डरला किंवा अंबाजोगाईच्या फर्निचरवाल्याला मात्र कर्जाचा अर्ज बँकेतून परत आल्यावर कळते. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

२०१५ पासून लहान उद्योगांची नोंद 'उद्योग आधार'च्या संकेतस्थळावर होत असे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने १ जुलै २०२० पासून त्याऐवजी 'उद्यम' नोंदणी सुरू केली. जुन्या दाखल्यांना मुदतवाढ मिळत गेली, ती ३० जून २०२२ रोजी संपली. दुकानात चौकट करून लावलेला 'उद्योग आधार'चा कागद आता शोभेपुरताच! जुना क्रमांक असलेल्यांनीही नव्याने नोंद केली पाहिजे.

नवा पत्ता 'उद्यमरजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. यातील 'जीओव्ही डॉट इन' ही अक्षरे नीट पाहावीत. मिळत्याजुळत्या नावाची खासगी संकेतस्थळे फी मागतात. सरकारी नोंदणीस एक पैसाही लागत नाही आणि कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. आधार व पॅन जवळ ठेवावे, जीएसटी लागू असेल तर तो क्रमांकही. मोबाइल आधारशी जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि गाडी तिथेच अडते.

किराणा, कापड आदी व्यापाऱ्यांना ही नोंदणी जुलै २०२१ मध्ये खुली झाली, पण लाभ बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच. एजंट याहून जास्त सांगत असेल तर पैसे देण्यापूर्वी बीडच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावे.