पांढरी पाचमधला हम

व्हॉल्व्हचा रेडिओ बंद पडला की आमच्या गल्लीतले रेडिओवाले काका आधी एकच गोष्ट करायचे. सेट चालू ठेवून व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टॅगला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचे आणि स्पीकरकडे कान द्यायचे. ‘हंऽऽ’ असा मोठा आवाज आला की म्हणायचे, “पुढचं सगळं जिवंत आहे. बिघाड मागे आहे.” कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे त्यांना पाठ होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी घरी गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधला. तो पहिल्याच दिवशी कर्कश गुणगुणायला लागला, तेव्हा मला काकांची आठवण झाली. त्यांच्या लेखी हम म्हणजे खबर होती.

मी बांधला तो फेंडरचा चँप, ५एफ१ या आराखड्याचा. लिओ फेंडर १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होते, त्यामुळे त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचं कूळ रेडिओचंच. चँपमध्ये व्हॉल्व्ह तीनच. ५वाय३ एसीचा डीसी करतो, १२एएक्स७ च्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात, आणि ६व्ही६ स्पीकर हलवतो. साधारण पाच वॅट ताकद, आठ इंची स्पीकर आणि एकच कंट्रोल. पहिल्यांदा बांधणाऱ्याने हाच बांधावा, असं माझं ठाम मत आहे. मात्र या सेटमध्ये काही लपत नाही. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये दोन पॉवर व्हॉल्व्ह जोडीने काम करतात आणि पुरवठ्यातली थरथर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बरीचशी एकमेकींना मारते. इथे ६व्ही६ एकटा आहे. त्यामुळे जाळीला कान लावल्यावर थोडा हम ऐकू येणं हा चँपचा स्वभाव आहे. चार हातांवरूनही तो जाणवला, तर मात्र शोध घ्यायला हवा.

शोधाची सुरुवात स्वरापासून करावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फिलॅमेंटच्या तारांतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आत शिरलेला हम बहुधा याच ५० हर्ट्झचा, जाड आणि मऊ असतो. एसीचा डीसी होताना उरलेली थरथर त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झची. हार्मोनियमवरची पांढरी पाच खालच्या सप्तकात ९८ हर्ट्झवर येते, म्हणजे दोन्ही हम जवळजवळ पांढरी पाचमध्येच, एक सप्तक सोडून. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसरा पडदा दाबला की हाच ९८ चा स्वर मिळतो. तो वाजवून हमशेजारी ठेवा. दोघांच्या फरकामुळे सेकंदाला दोन लाटा कानाला जाणवल्या, की समोर १०० हर्ट्झ आहे हे मीटरशिवाय कळतं.

माझा हम १०० चा होता आणि त्याला खरखरीत धार होती. व्हॉल्यूम शून्यावर आणला, काही फरक पडला नाही. चँपमध्ये हा कंट्रोल १२एएक्स७ च्या दोन ट्रायोडच्या मधे बसतो. म्हणजे गिटार, इनपुटचं सॉकेट आणि पहिला ट्रायोड एका झटक्यात निर्दोष सुटले. सेट बंद करून १२एएक्स७ काढला आणि पुन्हा चालू केला. शांत. तेव्हा ६व्ही६ ही सुटला. उरला दुसरा ट्रायोड. एच.टी.ला, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या जास्त व्होल्टेजच्या डीसी पुरवठ्याला, जास्तीचा कंडेन्सर जोडून पाहिला, तरी आवाज तसाच. इथे नवीन व्हॉल्व्ह मागवायचा मोह होतो. मीही दोन मागवले, ते अजून खोक्यात आहेत.

दोष अर्थच्या तारेत होता. चासीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी कल्हई केलेली तांब्याची बारीक तार ओढली होती आणि जे जे अर्थला जायचं ते सोयीप्रमाणे तिच्यावर डाग देऊन टाकलं होतं. पहिल्या मोठ्या कंडेन्सरची ऋण बाजू इनपुटच्या टोकाला होती, ट्रान्सफॉर्मरच्या एच.टी.चा मधला टॅप दुसऱ्या टोकाला. हा कंडेन्सर एकसारखा भरत नाही. सेकंदाला शंभर वेळा, लाटेच्या माथ्यावर, सरासरीच्या कितीतरी पट करंटचा हिसका घेऊन भरतो. तो प्रत्येक हिसका माझ्या त्या तारेतून आरपार जात होता. वाटेत एका जागी व्हॉल्यूम कंट्रोलचा अर्थ आणि चार इंच पुढे दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडचा अर्थ. त्या चार इंचांत जो क्षुल्लक व्होल्टेज पडे, तो ट्रायोडला संगीत वाटत होता आणि तो इमानाने वाढवून पुढे देत होता. मधल्या टॅपची वायर सोडवून थेट कंडेन्सरच्या ऋण टोकावर आणली. नऊ इंच वायर आणि दोन डाग. खरखर गेली.

इतर आवाजांची खूण याहून सोपी. लाकडी पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हळूच टिचकी मारल्यावर घंटेसारखं वाजलं, तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झाला आहे, बदलावा. कंट्रोल फिरवताना करकर आली, तर कंट्रोलमध्ये धूळ आहे किंवा मागचा कपलिंग कंडेन्सर डीसी गळू देतो आहे. चालू करताच किंचाळी आली, तर फीडबॅक उलटा जोडला गेला आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारांची अदलाबदल करावी. फिलॅमेंटच्या ६.३ व्होल्टच्या दोन्ही तारांना घट्ट पीळ देऊन त्या चासीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. जुन्या चँपमध्ये एक बाजू सरळ चासीला जोडलेली असे. मी ते न करता शंभर ओहमचे दोन रेझिस्टर लावून मध्य अर्थ केला, आणि ५० चा उरलासुरला हमही बराच बसला.

हे सगळं तीनशे व्होल्टच्या शेजारी बसून करायचं असतं. प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेले राहू शकतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करावेत आणि मीटर शून्य दाखवेपर्यंत आत बोट घालू नये.

आणखी एक. प्लगची तिसरी पिन काढली की हम कमी होतो, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. कधी कधी तो खरोखर कमी होतोही. पण गिटारच्या लोखंडी तारा ब्रिजमधून आणि केबलमधून अ‍ॅम्पच्या चासीलाच जोडलेल्या असतात, आणि वाजवणाऱ्याची बोटं त्या तारांवर असतात. अर्थ नसताना चासीवर मेन्स उतरला, तर त्याला दुसरी वाट उरत नाही. हम राहिला तर राहू द्या, ती पिन काढू नका.