मेल परत का येतो?

आउटलुकवरून पाठवलेला मेल पोचला नाही, की ‘अनडिलिव्हरेबल’ असा विषय असलेला एक मेल पाठवणाऱ्याकडे येतो. बहुतेक जण तो न वाचताच डिलीट करतात आणि मूळ मेल पुन्हा पाठवतात. तोही परत येतो. खरे तर त्यातल्या तांत्रिक मजकुरात, टिंबांनी जोडलेल्या तीन आकड्यांत, कारण दिलेले असते. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती असते, ५ असेल तर सर्व्हरने प्रयत्न सोडलेला असतो. ५.२.२ म्हणजे समोरचा मेलबॉक्स भरलेला, ५.७.१ म्हणजे परवानगी नाही, ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही.

हा शेवटचा कोड बहुधा पत्ता टाइप करताना झालेल्या चुकीमुळे येतो. पण मेलसाठी एक्स्चेंज सर्व्हर असलेल्या जुन्या ऑफिसांत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पाठवलेला मेलही याच कारणाने परत येतो, आणि बाहेरून आलेले मेल मात्र त्याला बिनबोभाट मिळत असतात. याचे कारण असे, की ऑफिसातल्या ऑफिसात एक्स्चेंज नेहमीचा ईमेल पत्ता न वापरता एक लांबलचक अंतर्गत पत्ता वापरते. दोन अक्षरे टाइप करताच आउटलुक जे नाव सुचवते, त्यामागे हाच पत्ता साठवलेला असतो. मेलबॉक्स काढून नव्याने तयार केला की नाव तेच राहते, अंतर्गत पत्ता बदलतो; आउटलुक मात्र साठवलेल्या जुन्याच पत्त्यावर मेल पाठवत राहते. परत आलेल्या मेलमध्ये ‘आयएमसीईएईएक्स’ ही अक्षरे दिसली, की दुखणे हेच समजावे.

उपाय सोपा आहे. सुचवलेल्या नावावर बाणाच्या कीने जाऊन डिलीट दाबावे आणि ॲड्रेस बुकमधून नाव नव्याने निवडावे. आउटलुक २००३ आणि २००७ मध्ये ही नावे त्या संगणकावरच्या ‘एनके२’ फाइलमध्ये असत, त्यामुळे दुसऱ्या संगणकावरून तोच मेल सुरळीत जाई. २०१० पासून ती मेलबॉक्समध्येच राहू लागली.

जुन्या मेलला रिप्लाय केला तर मात्र जुनाच पत्ता उचलला जातो. तिथे सुचवलेले नाव काढून काही साधत नाही. मग सर्व्हर सांभाळणाऱ्याने जुना अंतर्गत पत्ता ‘एक्स५००’ प्रकारचा जादा पत्ता म्हणून नव्या मेलबॉक्सला जोडायचा. तो परत आलेल्या मेलमधून जसाच्या तसा उचलून मात्र चालत नाही: सुरुवातीची ‘आयएमसीईएईएक्स’ ही अक्षरे आणि शेवटचे डोमेन गाळून, अंडरस्कोअरच्या जागी तिरपी रेघ आणि ‘+२०’च्या जागी स्पेस द्यावी लागते.